मण्याराच्या हातातलं मनगट

नासेर मण्यार खेळाला उभा राहायचा तेव्हा त्याच्याजवळ तीन वस्तू असायच्या: एक पाटी, खडूचा तुकडा आणि डोळ्यांवर बांधायला काळी दस्ती. टेबल नाही, पेटी नाही, माईक नाही. सेनगावच्या आठवडी बाजारात दुपार कलली, भाजीवाल्यांची घाई ओसरली, की तो बांगड्यांच्या दुकानावर बायकोला बसवायचा. दुकान म्हणजे दोन फळ्या, त्यावर चादर, चादरीवर दोरीत ओवलेल्या बांगड्या. शाहिस्ता कुरकुरत बसायची. तो चार पावलं पुढे जाऊन उभा राहायचा.

“माज्याकडं जिन न्हाई, मंत्र न्हाई, अंगात येत न्हाई,” तो सांगायचा. “तुमी वस्तू लपवा. तुमचाच हात मला सांगतो कुठं हाय ते. मी फकस्त ऐकतो.”

लोक हसायचे. त्यांना हेही खेळातलंच वाटायचं. ज्याच्याकडे जिन आहे तो जिन आहे असं कशाला सांगेल, असं ते म्हणायचे. पंचवीस-तीस वर्षं तो खरं सांगत होता आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

खेळ असा. नासेर डोळे बांधून पाठमोरा उभा राहायचा. गर्दीतला एकजण सुई, किल्ली, अंगठी असं काहीतरी लपवायचा. कुणाच्या फेट्यात, भज्यांच्या कढईखाली, मास्तरांच्या खिशात. मग नासेर त्या लपवणाऱ्याचं मनगट धरायचा, त्याला म्हणायचा, “मनात फकस्त जागा धरा,” आणि भरभर चालू लागायचा. माणूस कितीही घट्ट उभा राहिला तरी त्याच्या मनगटात काहीतरी हलतं. चुकीच्या दिशेला पाऊल पडलं की ते केसाएवढं मागे ओढतं. बरोबर पाऊल पडलं की सैल सुटतं. जागेपाशी आलं की नाडी उसळते. ही सगळी हालचाल इतकी बारीक असते की ज्याचा हात असतो त्याला तिचा पत्ता नसतो. नासेरला असायचा. पण विचार करून नाही. विचार केला की चुकायचं. पाय आधी जायला हवेत, डोकं मागून. एवढं एकच तंत्र त्याच्याकडे होतं आणि ते त्याने पायांत मुरवलं होतं.

दुसरा खेळ पाटीचा. दहा जणांनी दहा आकडे सांगायचे, पाटी त्याच्याकडे पाठ करून लिहायची, आणि तो ते ओळीने उलटे-सुलटे म्हणून दाखवायचा. त्यालाही काही लागत नसे. ऐकलेला, पाहिलेला आकडा त्याच्या डोक्यातून जात नसे, एवढंच.

हे त्याला आईकडून आलं होतं. अमिनाबी चाळीस वर्षं गावोगाव बांगड्या भरत फिरली. काचेची बांगडी मापापेक्षा एक नंबर लहानच भरायची असते, नाहीतर ती मनगटावर लोंबते. म्हणजे अंगठ्याचं मूळ दाबून, हाड आत वळवून, बाईला दुखण्याच्या अगदी अलीकडे थांबून ती पुढे सरकवायची. यात बाईच्या तोंडाकडे बघून चालत नाही. तोंड “दुखत न्हाई” म्हणतं. अमिनाबी म्हणायची, “हात झूट नै बोलता.” तिला बांगड्या भरता भरता कळायचं की कुणाला दिवस गेलेत, कुणी दोन दिवस जेवलेलं नाही, कुणाला काल मार बसला. कळायचं, आणि ती पुढची बांगडी उचलायची. परक्या पुरुषाने हात धरला तर जिथे कुऱ्हाडी निघतील त्या घरांत मण्याराला ओसरीवर बसवून सुनांचे हात त्याच्या हातात देत, ते याच भरवशावर. मनगटात कळलेलं मनगटातच ठेवायचं. कुणी लिहिलेला नाही, पण मण्यारांचा हा कायदाच.

नासेरने पहिल्यांदा बाजारात सुई शोधून दाखवली तेव्हा अमिनाबी तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, “सुई तक ठीक है. आगे नक्को जा.”

ती गेली. तिची घरं नासेरकडे आली: सेनगाव, गोरेगाव आणि तिच्या माहेराकडची शिरड शहापूरची वीस-बावीस घरं. पण बायका आता बांगड्या दुकानातून पाकिटात आणत होत्या, स्वतःच साबण लावून चढवत होत्या. मण्यारापुढे हात करणाऱ्या उरल्या त्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या मागच्या एक-दोन पिढ्या. खेळ मात्र चालायचा. शाळांची गॅदरिंगं, ग्रामपंचायतीचे कार्यक्रम, एखादी बारशाची पंगत.

त्याचा पुतण्या मुबश्शीर हिंगोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि लग्नसमारंभात “मनातलं ओळखणारा” म्हणून उभा राहायचा. काळा कोट, कानात दाण्याएवढं यंत्र, पडद्यामागे दोस्त. एकदा सेनगावच्या स्टँडवर, संतरामच्या चहाच्या गाड्यापाशी त्याने ते यंत्र काकाच्या तळहातावर ठेवलं.

“चच्चा, हे कानात घाला. मी मागून बोलतो, तुमी पुढं बोला. काहून उनात मनगटं धरत फिरता?”

संतरामने गाळणी आपटली. “अन् बॅटरी उतरली म्हंजे? लोकायचं मन काय चार्जिंगला लावतो का तू?”

“तुमी चहाचं बघा, काका. साखर कमी हाय.”

“साखर तुज्या बोलन्यात जास्त झाली, म्हनून चहात कमी लागून राहिली.”

नासेरने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. “हे जेवढं भरशील तेवढंच सांगन,” तो म्हणाला. “हाताचं तसं न्हाई. हात जास्तीचं सांगतो.”

“मंग बरंच की.”

“बरं का वाईट, ते ज्याचा हात त्याला इचार.”

मुबश्शीर हसला. नासेरही हसला. त्याला त्या दिवशी स्वतःच्या बोलण्याचा थोडा गर्वच वाटला होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी, तुरीला शेंगा धरल्या होत्या तेव्हा, शिरड शहापूरहून व्यंकटरावांचा फोन आला. व्यंकटराव तिथले मोठे जमीनदार, गावात शब्द चालणारे. नासेर त्यांना मालक म्हणायचा. त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला अमिनाबीने बांगड्या भरल्या होत्या आणि उजवा हात झाल्यावर डावा नासेरकडे दिला होता. नासेरने भरलेला तो पहिला परका हात. एकही बांगडी पिचली नव्हती. तेव्हापासून पंचवीस वर्षं दर पंचमीला, दर संक्रांतीला तो हात त्याच्यापुढे आला होता. सुमनबाई त्याला भाऊ म्हणायच्या.

“नासेर, जरा तकलीफ द्यायची हाय,” व्यंकटराव म्हणाले. “फेरफाराचा कागद हिनं कुठं ठेवला ते हिलाच आठवून न्हाई राहिलं. तहसीलात तारीख हाय. तुजा तो खेळ कर अन् हुडकून दे.”

नासेर म्हणाला, येतो. त्यात न येण्यासारखं काही नव्हतं.

तो पोचला तेव्हा साडेतीन झाले होते. सिमेंटचं नवं घर, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये ट्रॅक्टर आणि एक पांढरी जीप. बैठकीत व्यंकटराव, त्यांचा पुतण्या हरीश आणि भावकीतले आणखी दोघं. चहा झाला. नासेरने सहज विचारलं, “पोरगी दिसंना, मालक.” मुलीचं नाव प्रतिक्षा, एकोणीस-वीस वर्षांची.

“मामाकडं शिकायला ठेवली,” हरीश म्हणाला. “परभनीला.”

सुमनबाई आतल्या दारात उभ्या होत्या. पदर डोक्यावर, नजर खाली. व्यंकटराव म्हणाले, “दे हात.” त्यांनी हात पुढे केला. लगेच केला. नंतर नासेर पुन्हापुन्हा या एका गोष्टीवर यायचा: त्या हाताने आढेवेढे घेतले नव्हते. बावीस घरांतल्या कुठल्याही बाईने मण्यारापुढे करावा तसा तो सरळ आला होता.

हात गार होता. नासेरने दस्ती बांधली. हरीशने मोबाइल उभा धरला होता, तो चित्रण करत होता, हे नासेरला दस्ती बांधण्याआधी दिसलं होतं.

“मनात फकस्त कागदाची जागा धरा, बाई,” तो म्हणाला आणि चालू लागला.

विसरलेल्या माणसाचं मनगट कसं असतं ते त्याला ठाऊक होतं. ते चहूकडे भिरभिरतं, मध्येच सैल पडतं, पुन्हा भिरभिरतं. हे मनगट तसं नव्हतं. बैठकीतून आत वळताना ते ओढलं गेलं. देवघराकडे पाऊल टाकलं तेव्हा सुटलं, पण ते सुटणं खोटं होतं. हात त्याला तिकडे न्यायला बघत होता. लपवणारा माणूस असं करतो, विसरलेला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नासेरला हे कळलं. कागद हरवलेला नाही. काहीतरी ठेवलेलं आहे, आणि ते सापडू नये म्हणून ही बाई अख्ख्या अंगाने मागे रेटते आहे.

उंबऱ्यापासून मांडणीपर्यंत पाच पावलं होती. पाच पावलांत थांबता आलं असतं. “न्हाई लागत,” म्हणता आलं असतं. कुठल्याही खेळात दहातून एकदा चुकतंच, कुणी काही म्हटलं नसतं. त्याने पाय थांबवले नाहीत. पायांना पंचवीस वर्षांची सवय होती, हे खरं. मागे चार माणसं श्वास रोखून उभी होती आणि त्यांच्या हातात मोबाइल होता, हेही खरं. यातलं कुठलं जास्त खरं, ते त्याने नंतर कुणाला सांगितलं नाही. शाहिस्ताने विचारलं तेव्हाही नाही.

मांडणीपाशी नाडी उसळली. त्याचा दुसरा हात वर गेला आणि एका पत्र्याच्या डब्यावर थांबला.

“हितं.”

हरीशने डबा ओढून जमिनीवर उपडा केला. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया होत्या, फरशीवर पडून त्यांचा चुरा झाला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत वहीचं चौकोनी पान. नासेरने दस्ती वर केली तेव्हा हरीश ते उलगडत होता. निळ्या शाईत एक फोन नंबर, खाली चाकण, गणेश चाळ, खोली नऊ.

“घावली,” हरीश म्हणाला.

कागद नव्हे. घावली. नासेरने व्यंकटरावांकडे पाहिलं. ते पानाकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. भावकीतला एकजण जीपची किल्ली मागत बाहेर गेला. दुसरा म्हणाला, “त्या देविदासाचे पाय पहिले मोडायचे. मंग पोरीचं बघू.”

तेव्हा सगळं उघडं पडलं. प्रतिक्षा परभणीला नव्हती. ती दीड महिन्यापूर्वी गावातल्याच देविदास नावाच्या मुलाबरोबर निघून गेली होती. देविदास जातीने वेगळा, चाकणला कारखान्यात कामाला. मुलीने मैत्रिणीच्या हाती आईला नंबर पोचवला होता. सुमनबाई शेजारच्या फोनवरून दोनदा बोलल्या आणि दुसऱ्यांदा हरीशने पाहिलं. घर दोनदा उलटंपालटं करून झालं होतं. सुमनबाईंना विचारून झालं होतं, कसं ते कुणी बोललं नाही. मग हरीशला मण्याराची आठवण झाली होती.

सुमनबाईंचं मनगट अजून नासेरच्या हातात होतं. त्याने सोडलं. त्या त्याच्याकडे रागाने बघतील असं त्याला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. त्या आपल्याच हाताकडे बघत होत्या. मग खाली बसून कुरडयांचा चुरा गोळा करू लागल्या.

व्यंकटराव त्याला शेडपर्यंत सोडायला आले. “बराबर माणूस हायेस,” म्हणाले. “आईसारखाच.”

शिरडहून औंढ्याची जीप भरायला वेळ लागला. नासेर मागच्या फळीवर बसला होता. पांढरी जीप धूळ उडवत पुढे गेली, तिच्यात चौघं होते. चाकण म्हणजे दहा तासांची वाट. आता पाच वाजत होते.

नंबर त्याने एकदाच पाहिला होता, उलटा, हरीशच्या अंगठ्याच्या वरून. तेवढं त्याला पुरेसं होतं. त्याने लावला. बंद. औंढ्याला उतरून लावला. बंद. हिंगोलीच्या बसमध्ये पाच-पाच मिनिटांनी लावत राहिला. शेजारचा म्हातारा म्हणाला, “मियाभाई, समोरचा उचलत न्हाई म्हंजे त्याला बोलायचं नसंल. काहून बॅटरी जाळता?”

हिंगोलीच्या स्टँडवर आठच्या सुमाराला रिंग वाजली. बाईचा आवाज आला.

“कोण?”

“प्रतिक्षा, बाई, मी नासेर. बांगड्यावाला. शिरडला येतो तो.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“तुजे काका, हरीश, समदे जीपनं निघालेत. पत्ता घावला त्यायला. पहाटंला पोचतेत. खोली सोड, आत्ताच सोड.”

“तुमाला नंबर कुठं भेटला?”

स्टँडवर नांदेडच्या गाडीची घोषणा चालू होती.

“तुज्या आईच्या हातातून,” तो म्हणाला.

“आईनं दिला?”

“न्हाई. तिनं न्हाई दिला. मी हात धरला, अन् हातातून—”

“हातातून नंबर कसा निघतो, नासेरमामू?”

हजार वेळा त्याने ते बाजारात सांगितलं होतं.

“शाळेत पाह्यलाय मी तुमचा खेळ,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “पोरं आधीच फितवलेली असत्यात, आमाला तेव्हाबी ठावं व्हतं. मला एवढंच सांगा, मारून घेतला का तिच्याकडून? का आपन होऊन दिला?”

“पोरी, अल्लाची शपथ, तिनं न्हाई दिला.”

“आईबिगर कोनाकडंच नव्हता हा नंबर,” ती म्हणाली. “आईनंच दिला.”

फोन बंद झाला. त्याने परत लावला. तो पुन्हा कधीच लागला नाही.

नासेरच्या खेळावर ज्यांचा विश्वास होता त्यांना नंबर मिळाला. जिचा नव्हता, तिने आईला दोषी धरलं. शिकलेली मुलगी होती. मनगटातून पत्ता निघतो हे तिने मानावं असं कुठलंच कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जीप रिकामी परत आली. खोली नऊला कुलूपही नव्हतं. गॅस नेलेला, भांडी नेलेली, दोरीवर एक ओला टॉवेल. ती सुटली होती. निदान त्या पहाटेपुरती. पोरीला कुणी खबर दिली ते व्यंकटरावांना लगेच कळलं, म्हणजे तसं त्यांना वाटलं. घरात नंबर माहीत असलेलं माणूस एकच होतं. मण्याराचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यानेच तर शोधून दिलं होतं.

हरीशचं चित्रण दरम्यान तालुकाभर फिरलं. त्यातून डबा उपडा झाल्यानंतरचा भाग काढून टाकलेला होता. दस्ती बांधलेला नासेर, हात धरलेली बाई, पाच पावलं, “हितं.” त्याला फोन येऊ लागले. कुणाचा नोकर चोर आहे का, कुणाचा भाऊ खोटं बोलतो का. गोरेगावच्या एका घरातून सासू स्वतः आली, म्हणाली, “सुनेचा हात धरून बघा, सोनं माहेरी पोचवलं का न्हाई ते. तुमी मण्यार, तुमाला काय, हात धरायला मोकळे.”

“मला येत न्हाई ते,” नासेर म्हणाला.

“व्हिडिओत तर आलं.”

“बटन होतं कानात. पुतन्याचं.”

तिचा यावर चटकन विश्वास बसला. यंत्र आहे म्हटल्यावर माणसं निमूट परत जायची. मुबश्शीरला हे कळलं तेव्हा तो भडकला, म्हणाला, “चच्चा, आख्खी जिंदगी बिना बटनाचे फिरले अन् आता बटनाचं नाव सांगता?” पाटी त्याने नातवाला गिरवायला दिली. खेळ बंद झाला. शाहिस्ता एकदाच म्हणाली, “अम्मीनं सांगितलं होतं.”

शिरडच्या बाजाराला तो दीड-दोन महिने गेला नाही. मग जावं लागलं. नुसत्या सेनगावच्या बाजारावर पोट भरत नव्हतं. बांगड्या मांडून बसला. दुपारी सुमनबाई आल्या. उजव्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच बसल्या. डाव्या हातावर पदर होता. तो सरकला तेव्हा मनगट दिसलं. हाड मोडून वाकडंच बसलं होतं, अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा आला होता. त्याच्यावरून कुठलीच बांगडी जाणार नव्हती. दोन्ही हात मोकळे होते. नवरा जिवंत असताना.

शेजारच्या मिरचीवालीला ऐकू जाणार नाही असं त्या म्हणाल्या, “नासेरभाऊ, फोन तुमी केला व्हता का?”

“व्हय.”

“कोनी उचलला?”

“पोरीनंच.”

“काय म्हन्ली?”

नासेर बांगड्यांकडे बघत राहिला. ती शेवटी जे म्हणाली होती ते दोन शब्दांचं होतं आणि ते त्याला पाठ होतं.

“म्हन्ली, आईला सांगा मी बरी हाय.”

“अजून?”

“गुडघ्याचं इचारलं. म्हन्ली, आईचा उजवा गुडघा धरतो, तिला जास्त चढउतर करू देऊ नका.”

सुमनबाईंच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. त्यांनी पदराने नाक पुसलं. “तिला ठावं हाय माजा गुडघा,” त्या म्हणाल्या.

“नंबर आता दुसरा असन तिचा,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. “तुमाला करती का फोन?”

त्याला नाही म्हणता आलं असतं. इथेही पाच पावलांएवढी जागा होती.

“करती कदीमदी.”

“मला नंबर सांगू नका,” सुमनबाई म्हणाल्या. “माज्या हातात राहत न्हाई. तुमीच सांगत जा.”

तेव्हापासून दर बाजारी त्या येतात. नासेर सांगतो. त्यासाठी त्याला पाटी लागत नाही, दस्ती लागत नाही, हातही धरावा लागत नाही. त्या बसल्या की त्यांच्या चपलेची धूळ, पदराचं टोक, तोंडाचा रंग बघून त्यांना आज काय ऐकायचं आहे ते त्याला कळतं, आणि तो तेवढंच म्हणतो. डोळे सुजलेले असले की प्रतिक्षाने नवी साडी घेतलेली असते. बाजारात पोरीबाळी जास्त असल्या की ती नर्सिंगच्या फॉर्मबद्दल विचारते. देविदासला कारखान्यात पर्मनंट केलं. खोली बदलली, आता नळ घरात आहे. आधीचा बंद नंबर नासेर अजून रोज सकाळी एकदा लावतो. फोनमधली तीच बाई तेच सांगते, नंबर बंद आहे. मुलगी चाकणला आहे की कुठे, आहे की नाही, त्याला काही ठाऊक नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना सुमनबाईंनी विचारलं, “काई हाय का? म्हंजे, दिवस?”

विचारून त्यांनी श्वास धरला.

“तिसरा लागला,” नासेर म्हणाला.

मग महिने आपापले पुढे गेले. ते त्याच्या हातात नव्हते. सुमनबाई ते बोटांवर मोजत होत्या आणि त्याला दर बाजारी त्या मोजण्यामागून जावं लागत होतं. पाचव्यात उलट्या थांबल्या. सातव्यात पाय सुजले, त्याला सुमनबाईंनी उपाय सांगितला, तो त्याने कळवतो म्हटलं. नवव्यात त्या दोन बाजार आल्या नाहीत. घरी पाहुणे होते. तिसऱ्या बाजारी आल्या त्या उन्हातून चालत, धापा टाकत, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “झाली?”

“झाली. पोरगी हाय.”

“दोघी बऱ्या?”

“बऱ्या.”

“कुनावर गेली?”

“तुमच्यावर म्हनती.”

सुमनबाई बसल्या. मग त्यांनी चादरीवरची लेकरांची टोपली पुढे ओढली आणि वाकड्या हाताने तिच्यात चाचपडत काळ्या मण्यांच्या मनगट्या बाहेर काढल्या. एक जोड बाजूला ठेवला, दुसरा उचलला, तोही ठेवला.

“माप काय असन?” त्यांनी विचारलं. आणि मग स्वतःच अंगठा आणि बोट जुळवून एक लहानसं वाटोळं केलं. “एवढंच ना? पंधरा दिवसाचं लेकरू, एवढंच असतं.”

“एवढंच,” नासेर म्हणाला.

त्यांनी त्या मापाचा जोड निवडला. मणी एकेक करून तपासले, कुठला फुटका नाही ना. “पोचत्या करा,” म्हणाल्या. “अन् त्यायला म्हनावं, नजरेला काळा दोरा बी बांधा.”

त्याने जोड कागदात बांधला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. सुमनबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्या बाजाराच्या टोकापर्यंत जाईतो तो बघत राहिला. एक दुसरी बाई येऊन बसली होती आणि हात पुढे करून थांबली होती. त्याने तिचं मनगट धरलं आणि माप घेतलं.